शाळेतल्या अंड्याचे पैसे कोणी द्यायचे?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत मांडते. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे तुमचं गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, साठेक मुलं. तुम्ही यंदा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झालात. मधे वर्षभर मुलांना आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, ते बंद झालं, आणि गुरुजी म्हणतात की द्यायचं असेल तर लोकवर्गणी करा. सभेत विषय काढला तर माळकरी घरं म्हणाली, शाळेच्या आवारात अंडं शिजायलाच नको. एक बागायतदार पालक म्हणाले, ज्याने त्याने आपल्या पोराला घरून डबा द्यावा, सरकारने फक्त शिकवावं. बाकीचे, जे संख्येने जास्त आहेत, ते काही बोललेच नाहीत. तुम्ही विचारता, 'मी ऐकू कोणाचं? आणि पोरांना खाऊ घालणं हे सरकारचं काम तरी आहे का?' शेवटी मटकीबद्दलही तुमची एक ओळ आहे, तिच्याकडे शेवटीच येते.

माझं सांगायचं तर यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये ३३ वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची १४ मुख्याध्यापिका म्हणून. मागच्या वर्षी सेवानिवृत्त झाले. तांदूळ मोजून घेणं, चव घेऊन वहीत सही करणं, सिलेंडर संपला की दुसऱ्या गावी माणूस धाडणं, हे सगळं केलेलं आहे. पुढे जे लिहिते ते त्यातूनच.

तुमच्या सभेतलं भांडण अंड्यावरून दिसतं, पण ते अंड्याचं नाही. अंडं खायचं की नाही हा प्रश्न एका मिनिटात सुटतो. ज्याला हवं त्याला अंडं द्या, ज्याला नको त्याला दुसरं काही द्या. घोडं अडलंय ते 'द्या' या शब्दापाशी. कोणी द्यायचं? सरकारने पैसे काढून घेतले आणि पदार्थ 'ऐच्छिक' केला, तेव्हा आवडीनिवडीचा प्रश्न आणि जबाबदारीचा प्रश्न एकाच पातेल्यात कालवले गेले. गाव आता आपसात आवडीनिवडीवर भांडतंय आणि जबाबदारीचं कोणी विचारत नाही. म्हणून हे दोन्ही वेगवेगळे करून बघू.

आधी कायद्याचं, कारण बागायतदार पालकांना उत्तर देताना ते तुमच्या हाताशी असलं पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं पाचवं कलम सांगतं की सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना सुट्ट्या सोडून रोज एक वेळचं जेवण मोफत मिळालं पाहिजे. त्यात किती असावं हेही कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय: पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे 'सरकारचं काम आहे का' या प्रश्नाला निदान कागदावर तरी उत्तर आहे. मन झालं तर द्यायची आणि नाही झालं तर बंद करायची अशी ही योजना राहिलेली नाही, तो मुलाचा हक्क आहे.

पण कायद्याने माणूस गप्प होतो, पटत नाही. मला स्वतःला हे पटलं ते तांदळाच्या दिवसांत. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या मध्यान्ह भोजनाची ही योजना देशात सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं जेवण नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की मुलाला ३ किलो तांदूळ मिळायचा. वाटपाच्या दिवशी शाळा फुलून जायची, मुलं पिशव्या घेऊन यायची, बाया दारात पोती घेऊन बसायच्या. तो तांदूळ घरी जाऊन सगळ्यांच्या भांड्यात पडायचा, आणि त्यात गैर काहीच नव्हतं, कोणती आई एका लेकराचा भात वेगळा रांधेल? पण अकरा वाजता माझ्यासमोर बसलेलं पोरगं उपाशी ते उपाशीच राहायचं. मधल्या सुट्टीत घरी गेलेली मुलं दुपारी परत येत नसत. माझ्या तेव्हाच्या शाळेत दुपारच्या हजेरीत मी कितीतरी दिवस अर्ध्याहून जास्त नावांपुढे काही लिहू शकत नव्हते. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. त्यानंतर शाळेत चूल पेटली आणि दुपारी मुलं जागेवर दिसू लागली. मी काही वेगळं शिकवायला लागले नव्हते. फरक फक्त जेवणाचा होता.

आता डबा. तुमच्या बागायतदार पालकांचं म्हणणं त्यांच्या घरापुरतं बरोबरच आहे, त्यांना वाईट बोलू नका. त्यांच्या घरी सकाळी नऊला गरम पोळी होते, ते डबा देऊ शकतात. पण दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की मजुराच्या घरातली बाई सातला डोक्यावर बोचकं घेऊन निघते. वेचणीची मजुरी किलोवर, दव वाळण्याआधी वावरात पोचायची घाई. घरात असते रात्रीची भाकर, चटणी असली तर असते. लहान भावंडाला सांभाळायला मोठी पोरगी घरी ठेवतात. अशा पोरीला शाळेत आणणाऱ्या ज्या गोष्टी मी पाहिल्या, त्यात खिचडी पहिली होती. दुसरीतल्या भावाला सोबत घेऊन येते आणि दोघं जेवतात, म्हणून आई नाही म्हणत नाही. 'डबा द्या' हा सल्ला या घराला दिला तर त्याचा अर्थ 'पोरगी घरी ठेवा' असाच होतो.

म्हणून डब्यावर बंदी घालू नका, पण डब्याला जेवणाचा पर्यायही म्हणू नका. कोणत्याही मुलावर शाळेचं जेवण खायची सक्ती नाही. आजारी मूल असतं, एखाद्याला खरंच हरभरा सोसत नाही, उपवास असतो. आणलेला डबा पंगतीत बसून खावा, एवढंच बघा.

पंगतीत बसून, हे मुद्दाम लिहिते. त्यामागे एक अनुभव आहे, तो जरा सविस्तर सांगते, कारण 'ज्याची त्याची मर्जी' या शब्दांच्या आड काय काय लपतं हे मला तिथे कळलं.

एका गावात मी बदलून गेले, नाव सांगत नाही. स्वयंपाकीण सोडून गेली होती. समितीने बौद्ध वस्तीतल्या एका गरजू बाईंना नेमलं. नेमणूक अगदी नियमाने होती. स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलेलं आहे. दुसऱ्या आठवड्यात अकरा मुलं डबे घेऊन आली. विचारलं तर कोणाला खिचडी पचत नव्हती, कोणाचं पोट दुखत होतं. एकाच आठवड्यात अकरा पोटं कशी दुखायला लागली, म्हणून मी ती नावं कागदावर लिहिली, आणि आडनावं एकाखाली एक आल्यावर कारण कळलं. या गडबडीत एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला चार दिवस लागले. त्या बाई वाढायला पुढे येतच नव्हत्या. खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणून ठेवायच्या, पळी त्यात उभी करायच्या आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. वाढत होती ती दुसरी मदतनीस. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच ओळखलं होतं.

डबे बंद केले नाहीत. केले असते तर त्या घरांनी मुलंच पाठवली नसती. डबेवाली मुलं आधी दुसऱ्या वऱ्हांड्यात बसायची, ती सगळ्यांसोबत एकाच ओळीत बसवली. आम्ही दोघं शिक्षक रोज त्याच ओळीत बसून खिचडी खाऊ लागलो, आणि वाढायचं काम त्या बाईंकडेच दिलं. त्या अकरा घरांपैकी चार घरं एकाच भावकीतली, आणि तिथे शब्द चालायचा म्हाताऱ्या आजीचा. तिच्या ओसरीवर मी तीन वेळा जाऊन बसले. दिवाळीपर्यंत नऊ मुलं ताट घेऊ लागली. दोन मुलं शाळा सोडून जाईपर्यंत डबाच आणत राहिली, आणि ती घरं मला बदलता आली नाहीत.

तेव्हापासून माझा हिशेब सोपा आहे. मुलाच्या पोटात काय जावं याबद्दल घराचं मत असेल तर शाळेने ते ऐकावं. कोणाच्या हातचं जावं याबद्दल असेल तर ऐकू नये. तुमच्या गावात डब्याची मागणी अचानक जोर धरत असेल तर आधी बघा, स्वयंपाकीण नवी आहे का. तुमच्याकडे तसं असेलच असं मी म्हणत नाही.

आता अंड्याकडे. शासनाचा निर्णय आला २०२३ च्या नोव्हेंबरात. आठवड्यातून एक दिवस अंडं, अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ, आणि प्रत्येक मुलामागे ५ रुपये. २०२५ च्या जानेवारीत दुसरा निर्णय आला. अंडा पुलाव आणि नाचणी सत्व ऐच्छिक, त्यासाठी वेगळा निधी नाही, लोकसहभागातून उभारा. तुमचे गुरुजी म्हणतात ते यातूनच आलंय, त्यांचा त्यात दोष नाही.

माळकरी घरांबद्दल बोलताना एक लक्षात ठेवा. ज्याने गळ्यात माळ घातली आहे त्याचा नकार खरा असतो, त्याला मागास वगैरे म्हणून उडवून लावू नका. माझ्या शाळेत आम्ही अंड्यांचं पातेलं आणि झारा वेगळा ठेवला, त्यावर लाल रंगाची खूण केली, आणि तो त्या घरच्या लोकांना आणून दाखवला. निम्मा विरोध तिथेच मावळला. राहिलेल्यांना मी एवढंच म्हणाले की तुमच्या ताटात ते येणार नाही याची हमी माझी, पण शेजारच्या ताटातलं काढून घ्यायचा हक्क ना तुमचा, ना माझा.

अंडं द्यायचंच असेल तर पुलावात घालू नका, उकडलेलं सालासकट द्या. पुलावात पडलं की न खाणाऱ्यासाठी वेगळा भात रांधावा लागतो, एका बाईला ते जमत नाही, आणि मग निवड नुसती नावाला राहते. दुसरं कारण हिशेबाचं. वरणात पाणी वाढवता येतं, तेल कमी टाकता येतं, डाळीचं वजन कोण बघतो? अंडं मात्र मोजता येतं. पहिलीतलं पोरगंही सांगतं, 'बाई, मले नाई भेटलं.' शाळेच्या सगळ्या जेवणात इतका चोख पदार्थ दुसरा नाही.

आमची एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. पहिल्या महिन्यात आम्ही दोन रांगा केल्या, एक अंड्याची, एक केळ्याची. शिस्तीला बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात पाचवीतली मुलं एकमेकांना रांगेवरून नावं ठेवायला लागली. कोणती रांग वरची आणि कोणती खालची, हे त्यांनी घरून ऐकलेलं होतंच, आम्ही ते वऱ्हांड्यात उभं करून दाखवलं. लगेच रांगा मोडल्या. सगळे एका पंगतीत, दोन टोपल्या सोबत फिरणार, ज्याने त्याने उचलायचं.

मग प्रश्न येतो की निवड कोणाची, पालकाची की मुलाची? जूनच्या पालकसभेत आम्ही घरोघरची चिठ्ठी घ्यायचो. सभेत हात वर करायला सांगितलं की मोठ्या घरांकडे बघून बाकीचे गप्प बसतात, तुमच्याकडेही तेच झालंय. म्हणून चिठ्ठी. तिच्यावर अंड्याचं आणि केळ्याचं चित्र काढलेलं असायचं, म्हणजे लिहिता न येणारी आईसुद्धा खूण करू शकते. चिठ्ठ्या मोजल्यावर अंडं हवं म्हणणारी घरं सभेतल्या आवाजावरून वाटत होती त्याहून कितीतरी जास्त निघाली. सभा संध्याकाळी घ्या, बाया वावरातून आल्यावर. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण सकाळी अकराच्या सभेला त्या येणार कुठून?

एकदा सहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, 'बाई, मला खायचं आहे, पण घरी सांगू नका.' तिच्या चिठ्ठीवर केळं होतं, वडिलांनी खूण केलेली. मी त्या दिवशी तिला अंडं दिलं नाही, आणि ते मला लागून राहिलं. पुढच्या बाजारात तिची आई भेटली, तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, 'शाळेत खाल्लं तं खाल्लं, तिच्या बाबाले नका सांगू.' त्यानंतर चिठ्ठीवर आई किंवा वडील, कोणाही एकाची खूण आम्ही धरू लागलो. माझं मत असं: चौथीपर्यंत घराचा शब्द. त्यापुढे मूल हो म्हणत असेल आणि दोघांपैकी एकाची हरकत नसेल तर द्यावं. नाही म्हणणाऱ्या मुलाला मात्र कोणत्याच वयात आग्रह करू नये. यावर दुसरं मत असू शकतं, आणि गाव बघून ठरवावं लागेल हे मला मान्य आहे.

केळ्याबद्दलही बोलायला हवं, कारण केळं म्हणजे अंड्याच्या जागी काहीतरी दिल्याचं समाधान आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात जेमतेम १ ग्रॅम. पाचवीपर्यंतच्या मुलाच्या वाट्याचा १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरली तर प्रथिनं १२ ग्रॅमच्या काठावर पोचतात, तेही सगळं मापात पडलं तर. म्हणजे शाकाहारी मुलाच्या वाट्याला केळं देऊन आपण त्याला कमीच देतोय. त्याला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. २५ ग्रॅम शेंगदाण्यात अंड्याएवढी प्रथिनं मिळतात. फुटाणेही चालतात. माळकरी घरांसमोर ही गोष्ट ठेवा, 'तुमच्या मुलालाही आम्ही बरोबरीचं देऊ' हे ऐकल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

आता वर्गणीचा हिशेब, आणि सगळं येऊन ठेपतं ते इथेच. मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला खर्च पाचवीपर्यंत मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि त्यापुढे १० रुपये १७ पैसे आहे. तांदूळ वेगळा येतो. एवढ्यात डाळ, तेल, तिखट-मीठ, भाजी आणि गॅस. तुमच्या शाळेत पंचेचाळीस मुलं पाचवीपर्यंतची आणि पंधरा वरची धरली तर दिवसाला होतात साधारण ४५८ रुपये. त्यातला मोठा वाटा पुरवठादाराच्या धान्यादी मालात जातो, शाळेच्या हाती येतो तो इंधन-भाजीपाल्याचा. साठ अंडी सात रुपयांनी धरली तर ४२० रुपये. एका दिवसाच्या अख्ख्या जेवणाला जेवढे लागतात जवळपास तेवढेच. म्हणजे 'आहे त्यातून काटकसरीने भागवा' हे होणारच नाही. आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तर १२,६०० रुपये. कापसाला भाव नसलेल्या वर्षी तुमचं गाव हे उभं करू शकेल का, ते तुम्हीच सांगू शकता.

समजा तुमच्या गावाने केलं. आमच्या तालुक्यात डोंगराकडे कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत. वस्तीशाळा, अठरा-वीस मुलं, दोन शिक्षक. तिथे वर्गणी कोण कोणाकडे मागणार? जिथे दुकानदार आहेत, नोकरदार आहेत, तिथे अंडं येईल, आणि ज्या मुलाला त्याची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्या शाळेत येणार नाही. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी द्यायची तरतूद आहे. तेच मूल जूनमध्ये शेजारच्या खोलीत पहिलीला बसलं की त्याचं अंडं 'ऐच्छिक' होतं. एका उन्हाळ्यात त्याची भूक बदलते काय? तमिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडं मिळतं आणि न खाणाऱ्याला दुसरं काही. तिथेही शाकाहारी घरं आहेतच. पण पैसा सरकारचा असल्यामुळे वाद ताटापाशी मिटतो, गावाची सभा फोडत नाही.

देणाऱ्याचा मान हा आणखी एक भाग. एका वर्षी एका दात्याने दोन महिन्यांचा खर्च उचलला, मनापासून उचलला. पण अंड्याच्या दिवशी मुलांनी ताट हातात घेऊन त्यांच्यासोबत फोटोला उभं राहावं अशी त्यांची इच्छा होती. मुलं उभी राहिली, मी उभी केली. पाचवीतल्या एका मुलाने ताट पाठीमागे धरलं होतं. फोटो पाहिला तेव्हा कळलं, आणि पुढच्या वेळी मी स्पष्ट नाही म्हणाले. पैसे सरकारचे असले की मूल कोणाचं देणं लागत नाही. दात्याचे असले की कोणी काही न म्हणताही ते त्याला कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं. मुलाने काय खावं यात सरकारने नाक खुपसू नये, पण दोन्ही टोपल्या भरून ठेवणं हे त्याचंच काम आहे. एक टोपली रिकामी ठेवायची आणि 'तुमची मर्जी' म्हणायचं, याला निवड म्हणत नाहीत.

प्रत्यक्षात काय करायचं? वर्गणी करूच नका असं मी म्हणणार नाही, मुलाचं वय थांबत नाही. झेपेल तेवढी करा, महिन्यातून दोनदा तर दोनदा, आणि फोटो-पाटी काही नको. पण ज्या सभेत वर्गणी ठरेल त्याच सभेत ठराव करा. त्यात लिहा की ही तात्पुरती सोय आहे, अंड्याचा आणि बरोबरीच्या शाकाहारी पर्यायाचा खर्च शासनाने द्यावा अशी समितीची मागणी आहे. सोबत चिठ्ठ्यांचा हिशेब जोडा, इतक्या घरांना अंडं हवं, इतक्यांना दुसरं. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पंचायत समितीतल्या शालेय पोषण आहार अधीक्षकांना द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेतही तोच मांडा. एका ठरावाने काही होत नाही. पण आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दहा शाळांनी तोच ठराव केला तर केंद्रप्रमुखाला तो वर पाठवावाच लागतो. सभेत माळकरी पालकाचीही सही घ्या. शेंगदाण्याची ओळ त्यात असली तर ते करतात.

याच्या जोडीने रोजच्या जेवणावर लक्ष ठेवा, कारण अंड्याच्या वादात मूळ जेवण बिघडलेलं कोणाला दिसत नाही. मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण मिळालं नाही तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा. लागोपाठ तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदार कोण हे राज्य सरकारने ठरवायचं असतं. असे दिवस वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. आणि आठवड्यातून एकदा न सांगता जाऊन पंगतीत बसा. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेण्याचा नियम कागदापुरता राहू देऊ नका. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात तेलात कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. आपल्याकडे घरोघरी फवारणीचे डबे असतात, धुतलेले कॅन परत वापरायची सवय असते. शाळेच्या कोठीत असा एकही डबा येता कामा नये, हे तुम्ही स्वतः बघा.

स्वयंपाकीणबाईंशी बोलताना त्यांना मिळतं काय हेही मनात असू द्या. महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षाचे दहा महिने. वेचणीच्या दिवसांत वावरात गेल्या तर याहून कितीतरी जास्त सुटतात, तरी त्या येतात. डिसेंबरमध्ये एखादा दिवस उशीर झाला म्हणून कोणी बोललं तर अध्यक्ष या नात्याने मधे पडा, आणि ठरावात त्यांच्या मानधनाचीही एक ओळ घाला.

आता मटकी. तुम्ही लिहिलंय की मोड आलेल्या मटकीची उसळ मुलं टाकून देतात, वास येतो. आपल्याकडच्या उन्हात तो येणारच. सकाळी भिजवून दुसऱ्या सकाळपर्यंत बांधून ठेवली की मार्चनंतर ती आंबते. उन्हाळ्यात रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून उपसा आणि ओल्या सुती फडक्यात माठाशेजारी सैल बांधा. संध्याकाळी इवलासा मोड दिसला की पुरे, लांब मोडाची वाट बघू नका. त्यापुढे रात्रभर शाळेत ठेवू नका, बाईंच्या घरी फ्रीज असेल तर तिथे ठेवा, नसेल तर त्या दिवसांत मटकीऐवजी चवळीची खिचडी करा. फोडणीत लसूण ठेचून घाला, उतरवल्यावर वरून कच्चा कांदा आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. आमच्या शाळेत कांदा घालायला लागलो तेव्हापासून ताटं रिकामी येऊ लागली.